निर्यातीच्या औषधालाही घरचीच चाळणी हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आफ्रिकेतल्या औषधांची बातमी आपल्याकडे येते ती बहुधा तिकडे मुले दगावली आणि बाटलीवर भारताचे नाव निघाले, तरच. चार दिवस चर्चा होते आणि विषय मागे पडतो. कारखान्यातल्या ड्रमपासून युगांडा किंवा मलावीतल्या आरोग्य केंद्राच्या फळीपर्यंत औषधाचा जो प्रवास होतो, त्यात ते नेमके कुठे बिघडते हे सांगायचे राहून जाते. तारापूर, वाळूज, कुरकुंभ, वेर्णा इथले कारखाने आणि न्हावाशेवा बंदर या प्रवासाच्या अलीकडच्या टोकाला आहेत, म्हणून हे मराठी वाचकांपुढे सविस्तर मांडावेसे वाटले.

आधी अभिमानाची गोष्ट. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने एचआयव्हीवरची तीन औषधांची उपचारपद्धती एका रुग्णाला वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली. पेटंट असलेल्या कंपन्यांचा भाव तेव्हा दहा हजार डॉलरच्या पुढे होता. दोनच महिन्यांनी, एप्रिलमध्ये, स्वस्त औषधांची वाट मोकळी करणाऱ्या कायद्यावरून दक्षिण आफ्रिकेच्या सरकारविरुद्ध ३९ औषध कंपन्यांनी लावलेला खटला मागे घेतला गेला. आज टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडीन आणि डोल्युटेग्रॅव्हिर यांची रोजची एक गोळी ग्लोबल फंडाला, म्हणजे एचआयव्ही, क्षय आणि हिवतापावरच्या उपचारांना पैसा देणाऱ्या आंतरराष्ट्रीय निधीला, वर्षाला ४५ डॉलरच्याही आत मिळते. लाखो माणसे यामुळे जगली, यात शंका नाही.

मात्र हे यश केवळ स्वस्ताईचे नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्येच पूर्वपात्रता योजना सुरू केली. कारखान्याची तपासणी, कागदपत्रांची छाननी, जैवसमतुल्यतेचा, म्हणजे औषध मूळ औषधाइतकेच शरीरात उतरते याचा, पुरावा हे सगळे पार पडल्यावरच औषध यादीत येते. एचआयव्ही, क्षय आणि हिवतापाची औषधे विकत घेणारे मोठे निधी अशा कडक छाननीतून गेलेलाच माल घेतात. खोकल्याचे सिरप, अ‍ॅमॉक्सिसिलिन, रक्तदाबाच्या गोळ्या, बाळंतिणीला द्यायचे ऑक्सिटोसिन ही औषधे मात्र तिथली सरकारे आपल्या टेंडरने किंवा खासगी आयातदार आपल्या हिशेबाने घेतात. तिथे ही चाळणी लागत नाही. म्हणजे त्याच आरोग्य केंद्रात एका फळीवर जगातल्या सर्वांत कडक तपासणीतून आलेली गोळी असते आणि शेजारच्या फळीवर कोणीही न तपासलेली बाटली. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत दहातले एक औषध निकृष्ट किंवा बनावट असते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०१७ चा अंदाज आहे. तो या दुसऱ्या फळीवरून वाचायला हवा.

निकृष्ट आणि बनावट हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची गल्लत नुकसान करते. बनावट औषध फसवणुकीच्या हेतूने केलेले असते, तो पोलिसांचा विषय. निकृष्ट औषध परवानाधारक कारखान्यातून, खऱ्या नावाने, खऱ्या बिलासह येते. त्याला छापे घालून आळा बसत नाही.

सिरपचेच उदाहरण घ्या. पॅरासिटामॉल किंवा खोकल्याची औषधे पाण्यात नीट विरघळत नाहीत, म्हणून त्यांत ग्लिसरीन, प्रोपिलीन ग्लायकोल किंवा सॉर्बिटॉल वापरतात. औषधी दर्जाच्या प्रोपिलीन ग्लायकोलपेक्षा औद्योगिक माल स्वस्त पडतो, आणि डायइथिलीन ग्लायकोल, ज्याला धंद्यात डीईजी म्हणतात, दिसायला तसेच: बिनरंगी, दाटसर, चवीला गोड. शरीरात गेल्यावर त्यापासून डायग्लायकोलिक आम्ल तयार होते आणि ते मूत्रपिंडातल्या नलिका जाळते. काही दिवसांत मुलाची लघवी बंद होते. त्यावर उतारा म्हणून वापरायचे फोमेपिझोल गरीब देशांतल्या रुग्णालयांत सहसा नसतेच.

ग्लिसरीनची घनता १.२६, प्रोपिलीन ग्लायकोलची १.०४ आणि डीईजीची १.१२. म्हणून ड्रममध्ये निखळ डीईजी भरून आले, तर साध्या घनतेच्या चाचणीतही चोर सापडतो. शेकडा एक-दोन भाग मिसळलेले असले की ही चाचणी आंधळी ठरते, कारण आकडा मर्यादेतच राहतो. डीईजीची मर्यादा आहे ०.१० टक्के, आणि ती पकडायला गॅस क्रोमॅटोग्राफ, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारे यंत्र, लागतो. तो असला तरी नमुना कसा घेतला यावर सगळे अवलंबून. दहा ड्रम आले, प्रत्येकातून थोडे घेऊन एकत्र नमुना केला आणि त्यांतल्या एकाच ड्रममध्ये ०.५ टक्के डीईजी असले, तर एकत्र नमुन्यात ते ०.०५ टक्के दिसते. अहवाल ‘पास’ येतो आणि मर्यादेच्या पाचपट विष असलेला ड्रम उत्पादनाला जातो. म्हणून प्रत्येक ड्रमची स्वतंत्र चाचणी हाच एक मार्ग आहे. ती टाळली जाते ती वेळेसाठी आणि पैशासाठी. शिवाय ड्रम थेट उत्पादकाकडून न येता दोन-तीन व्यापाऱ्यांच्या हातून येतो, मध्ये लेबल बदलते, आणि सोबतचे विश्लेषण प्रमाणपत्र मागच्या एखाद्या मालाचे उतरवून काढलेले असू शकते. कागदावर विसंबून माल आत घेतला की पुढची सगळी साखळी त्या कागदावर उभी राहते.

मुंबईला हे नवे नाही. १९८६ च्या सुरुवातीला जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण मूत्रपिंडे निकामी होऊन दगावले. त्या ग्लिसरीनमध्ये डीईजी होते. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने खरेदीपासून प्रयोगशाळेपर्यंतची प्रत्येक कडी तपासून अहवाल दिला. त्यानंतर नायजेरियात १९९० मध्ये आणि पुन्हा २००८ मध्ये मुले याच विषाने गेली. २००८ च्या दात येतानाच्या सिरपने ८४ बालकांचा बळी घेतला, आणि ते सिरप नायजेरियातच बनलेले होते. २०२२ मध्ये गाम्बियात साठाहून अधिक मुले गेली, सिरप हरियाणातले. २०२३ मध्ये कॅमेरूनमधल्या एका सिरपात २८.६ टक्के डीईजी सापडले. आणि २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाड्याची मुले उपचारांसाठी नागपूरला आली, त्यांतली कित्येक परत गेली नाहीत. तमिळनाडूत बनलेल्या त्या सिरपात ४८.६ टक्के डीईजी होते. चाळीस वर्षांत विष तेच, चूकही तीच.

गाम्बियात एक गोष्ट अधिक होती. त्या वेळी त्या देशात औषधे तपासणारी प्रयोगशाळाच नव्हती. लोकसंख्या जेमतेम पंचवीस-सत्तावीस लाख. मुलांच्या लघव्या बंद होऊ लागल्यावर डॉक्टरांना संशय आला, पण बाटली तपासायला परदेशी पाठवावी लागली आणि जागतिक आरोग्य संघटनेचा इशारा निघेपर्यंत ५ ऑक्टोबर उजाडला. पुढे आणखी एक पेच उभा राहिला. कारखान्यात राखून ठेवलेले नमुने भारतातल्या सरकारी प्रयोगशाळेत योग्य ठरले, तर गाम्बियातून घेतलेल्या बाटल्यांत विष सापडले. राखीव नमुना आणि प्रत्यक्ष पोचलेली बाटली एकच आहे, हे सिद्ध करणारा कोणताही दुवा नव्हता. या मुद्द्यावर शेवटी परत येऊ.

याउलट प्रयोगशाळा असली की काय होते, हे एप्रिल २०२४ मध्ये दिसले. दक्षिण आफ्रिकेत बनलेल्या मुलांच्या एका नामांकित सिरपच्या बॅचमध्ये डीईजी आढळल्याचे नायजेरियाच्या नियामक संस्थेने, नाफडॅकने, जाहीर केले. काही दिवसांतच केनिया, रवांडा, टांझानिया, झिम्बाब्वे आणि खुद्द दक्षिण आफ्रिकेने ती बॅच बाजारातून मागे घेतली. एका देशाच्या तपासणीचा फायदा सहा देशांना झाला.

आफ्रिकेतल्या औषध नियमनाची सगळी धडपड आज याच दिशेने चालली आहे. एकेका देशाने सगळे एकट्याने करायचे म्हटले तर ते होणारे नाही. कंपनीला प्रत्येक देशात वेगळी फाइल, वेगळे शुल्क, वेगळी कारखाना-तपासणी. मोठ्या बाजारपेठेसाठी ती हे करते. वीस-पंचवीस लाखांच्या देशासाठी चांगली कंपनी अर्जच करत नाही, आणि मग ती जागा ज्याला नोंदणीची फिकीर नाही असा व्यापारी भरतो. कडक नियम आणि औषधाची टंचाई असे एकत्र नांदू शकतात, हे आपल्याकडे फारसे लक्षात घेतले जात नाही. यावर झाम्बिया, झिम्बाब्वे, बोट्सवाना आणि नामिबिया यांनी २०१३ मध्ये एकत्र छाननी सुरू केली. चारही देशांच्या नावांची आद्याक्षरे जोडून तिला ‘झाझिबोना’ म्हणतात. एक देश फाइल वाचतो, दुसरा त्याची तपासणी करतो, मग सगळे बसून निर्णय घेतात आणि प्रत्येक देश आपापल्या कायद्याने नोंदणी देतो. पूर्व आफ्रिकेतही अशीच व्यवस्था आहे.

नियामक संस्था किती सक्षम आहे हे मोजायला जागतिक आरोग्य संघटनेच्या चार पायऱ्या आहेत. तिसरी पायरी म्हणजे व्यवस्था स्थिर आहे आणि नीट चालते. आफ्रिकेत ती प्रथम टांझानियाने २०१८ मध्ये गाठली. नंतर घाना, नायजेरिया, झिम्बाब्वे, रवांडा, सेनेगल आले, इथिओपिया २०२५ मध्ये. या सगळ्यांवर छत्र धरणारी आफ्रिकन औषध संस्था स्थापण्याचा करार आफ्रिकी संघाने फेब्रुवारी २०१९ मध्ये केला, पंधराव्या देशाने मान्यता दिल्यावर तो ५ नोव्हेंबर २०२१ पासून लागू झाला, आणि मुख्यालय रवांडात किगालीला आहे. पहिल्या महासंचालक म्हणून २०२५ मध्ये घानाच्या डेलेसे मिमी डार्को यांची निवड झाली. संघाच्या ५५ पैकी सगळ्या देशांनी अजून मान्यता दिलेली नाही. ही संस्था राष्ट्रीय संस्थांची जागा घेणार नाही, तर अवघड औषधांची संयुक्त छाननी आणि कारखान्यांच्या संयुक्त तपासण्या करील. आमच्या मते तिचे मोठे काम दुसरेच ठरेल: एका देशाने नाकारलेला माल दुसऱ्या देशाच्या बंदरात उतरणार नाही, याची खबर वेळेत पोचवणे.

प्रयोगशाळा म्हटली की कोट्यवधींची यंत्रे डोळ्यांपुढे येतात. पण पहिली चाळणी पेटीत मावते. जर्मनीतल्या एका संस्थेने विकसित केलेली ‘मिनीलॅब’ आफ्रिकेतल्या अनेक जिल्ह्यांत वापरली जाते. गोळी अ‍ॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून बत्त्याने कुटायची, म्हणजे भुकटी सांडत नाही. ठरावीक मापाच्या मिथेनॉलमध्ये ती हलवून गाळ खाली बसू द्यायचा. वरच्या निवळीचा बारीक थेंब केसासारख्या काचनळीने सिलिका लावलेल्या पट्टीवर, तळापासून दीड सेंटिमीटरवर ठेवायचा. त्याच्या एका बाजूला शंभर टक्के औषध असलेल्या प्रमाण द्रावणाचा थेंब, दुसऱ्या बाजूला ऐंशी टक्क्यांचा. पट्टी बरणीतल्या द्रावकात उभी केली की द्रावक वर चढतो आणि औषधाचा ठिपका सोबत नेतो. पट्टी वाळवून २५४ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली धरायची. नमुन्याचा ठिपका प्रमाणाच्या उंचीवर नसला तर औषधच वेगळे. ऐंशी टक्क्यांच्या ठिपक्यापेक्षा फिका असला तर मात्रा कमी. ठिपकाच नसला तर गोळीत औषध नाही. हिवतापाच्या बनावट गोळ्यांत कधी नुसते पॅरासिटामॉल निघते. त्याने ताप उतरतो, आईला वाटते गुण आला, आणि रक्तातले परजीवी वाढत राहतात.

या पेटीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. ८५ टक्के मात्रेची गोळी तिच्यातून सुटते. गोळीत औषध पूर्ण आहे पण ती पोटात विरघळत नाही, हे तिला पुरते कळत नाही. ३७ अंशांच्या पाण्यात अर्ध्या तासात गोळी फुटते का एवढेच पाहता येते. त्यासाठी पुढचा टप्पा, म्हणजे विद्राव्यता चाचणी आणि औषधाची मात्रा नेमकी मोजणारे एचपीएलसी यंत्र, हवाच. प्रत्यक्षात पेटी बंद पडते ती मात्र अगदी साध्या कारणांनी. प्रमाण द्रव्यांची मुदत संपते, मिथेनॉल ज्वालाग्राही म्हणून विमानाने सहज येत नाही, आणि प्रशिक्षित माणसाची बदली होते. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकी मदत थांबली तेव्हा गुणवत्ता-तपासणीला हात देणारे प्रकल्पही थांबले. अशा वेळी पेटी असते, पण तिच्यातल्या बाटल्या रिकाम्या.

माल तपासून झाला तरी तो विकणार कोण, हा प्रश्न उरतोच. टांझानियाने याला दिलेले उत्तर आम्हाला फार मोलाचे वाटते. खेड्यात फार्मासिस्ट नव्हता, ‘दुका’ होती. स्वाहिलीतले हे ‘दुका’ म्हणजे आपले दुकानच, आणि औषधाला ते ‘दवा’ म्हणतात. ही दुकाने कायद्याने साधी औषधेच विकू शकत, विकत मात्र सगळेच. दुकाने बंद करण्याऐवजी सरकारने २००३ मध्ये रुवुमा प्रांतापासून त्यांना मान्यता द्यायला सुरुवात केली. विक्रेत्याला काही आठवड्यांचे प्रशिक्षण, दुकानाला फळ्या, उजेड आणि नोंदवहीची अट, विकता येतील अशा मोजक्या प्रतिजैविकांची आणि इतर औषधांची यादी, आणि स्थानिक पातळीवर तपासणी. नाव ‘दुका ला दवा मुहिमु’, म्हणजे अत्यावश्यक औषधांचे दुकान. नायजेरियाने वेगळी वाट धरली. ओनित्शा, आबा आणि लागोसमधल्या इडुमोटाचे उघडे औषध बाजार २०२५ मध्ये बंद करून झडत्या घेतल्या. तिथल्या बाजारांचे आकारमान पाहता तेही गरजेचे होते. पण गावात दुसरे दुकान नसताना बाजार बंद केला, तर तोच माल फेरीवाल्याच्या टोपलीत जातो.

वेष्टनावरचा स्क्रॅच कोड, जो खरवडून एसएमएस करायचा असतो, नायजेरियाने २०१० पासून आणला. चांगली सोय आहे. तरी तिच्याकडून एवढीच अपेक्षा ठेवावी की बनावट माल पकडला जाईल. परवानाधारक कारखान्यातला निकृष्ट माल खरा कोड घेऊनच येतो.

आता उष्णता आणि दमट हवा. मध्य आणि पश्चिम आफ्रिकेच्या बऱ्याच भागासाठी औषधाचा टिकाऊपणा ३० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेत सिद्ध करावा लागतो. कागदावर तो होतो. टेंडरमध्ये दर उतरवण्यासाठी वेष्टन बदलले की गाडे घसरते. अ‍ॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटची गोळी ओलाव्याला अतिशय नाजूक. दोन्ही बाजूंनी अ‍ॅल्युमिनियम असलेल्या, धंद्यात ज्याला ‘अ‍ॅलू-अ‍ॅलू’ म्हणतात त्या पाकिटात ती टिकते. साध्या पीव्हीसी ब्लिस्टरमध्ये ओलावा शिरतो, गोळी पिवळट-तपकिरी होते आणि क्लॅव्ह्युलॅनेट संपलेले असते. ज्या वेष्टनावर टिकाऊपणाची चाचणी झाली, त्याच वेष्टनात माल आला का, हे बंदरावर पाहायला कोणतेही यंत्र लागत नाही. पाकीट हातात घेऊन फाइलशी ताडून पाहावे लागते.

ऑक्सिटोसिनची कथा याहून क्लेशकारक आहे, कारण ती टाळता येण्यासारखी आहे. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला १० युनिटचे हे इंजेक्शन. ते २ ते ८ अंशांत ठेवायचे. केंद्रात फ्रिज असतो, पण तो लसींचा, आणि लसीकरणाची माणसे त्यात दुसरे काही ठेवू देत नाहीत. म्हणून ऑक्सिटोसिन टेबलाच्या खणात राहते. त्यात काही उत्पादक लेबलावर ‘२५ अंशांखाली’ किंवा ‘३० अंशांखाली’ असे छापतात, त्यामुळे परिचारिकेला वाटते खणात चालेल. इंजेक्शन दिले जाते आणि रक्त थांबत नाही. लसींच्या फ्रिजमध्ये ऑक्सिटोसिनला वेगळा, नाव लिहिलेला डबा द्यावा, असे जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि यूएनएफपीए (संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी) यांनी २०१९ मध्ये एकत्रितपणे सांगितले आहे. त्याच वर्षी उष्णता सोसणारे कार्बेटोसिन अत्यावश्यक औषधांच्या यादीत आले. ते ३० अंशांवर टिकते, पण रक्तस्राव होऊ नये म्हणून देण्यासाठी आहे, सुरू झालेला थांबवण्यासाठी नाही. म्हणजे फ्रिजमधला तो डबा लागणारच.

टंचाईबद्दल बोलताना सगळे पैशांबद्दल बोलतात. पैसा कमी आहेच. पण बरीच टंचाई स्टॉक कार्डावरच्या एका भागाकारातून जन्मते. समजा, एका आरोग्य केंद्रात महिन्याला न्यूमोनियाची ४० बालके येतात. वर्षाखालची १५, वर्ष ते पाच वर्षांची २५. अ‍ॅमॉक्सिसिलिनची २५० मिलिग्रॅमची पाण्यात विरघळणारी गोळी लहानग्यांना दिवसातून दोनदा एक, मोठ्यांना दिवसातून दोनदा दोन, असे पाच दिवस. म्हणजे लहानग्याला १०, मोठ्याला २० गोळ्या. महिन्याची गरज १५० अधिक ५००, एकूण ६५०. साठा अठराव्या दिवशी संपला, तर कार्डावर खप दिसतो ३९०. पुढची मागणी ३९० च्या हिशेबाने जाते, दर दोन महिन्यांनी माल येत असेल तर ७८०. गरज होती १३००. तूट ५२० गोळ्यांची, म्हणजे वर्षावरच्या २६ मुलांचे पूर्ण उपचार. पुढच्या खेपेला साठा पुन्हा वेळेआधी संपतो, खप पुन्हा तेवढाच कमी दिसतो, आणि वरच्या गोदामात बसलेल्या माणसाला वाटते की इथे गरजच एवढी आहे. उपाय एका ओळीचा आहे: खप भागिले साठा असलेले दिवस, गुणिले तीस. ३९० भागिले १८ गुणिले ३०, उत्तर ६५०. कार्डावर ‘साठा नसलेले दिवस’ असा रकाना लागतो, आणि तो भरला जातो की नाही हे पाहणारा पर्यवेक्षक लागतो. तो नसला की परिचारिका आपल्या परीने तोडगा काढते, पाच दिवसांऐवजी अडीच दिवसांच्या गोळ्या देते, आणि जंतू औषधाला सरावतात.

आता आपल्या टोकाकडे. आपल्या औषध निरीक्षकांचे नमुने प्रामुख्याने आपल्याच बाजारातून घेतले जातात. ‘केवळ निर्यातीसाठी’ बनलेले औषध आपल्या बाजारात येतच नाही, म्हणून ते त्या जाळ्यात सापडत नाही. घेणाऱ्या देशाकडे प्रयोगशाळा नसली तर ते कुठेच सापडत नाही. भारतात मंजूर नसलेले औषधही निर्यातीसाठी बनवायला ना-हरकत मिळू शकते. ट्रॅमाडॉल या अफूच्या जातीच्या वेदनाशामकाच्या नेहमीच्या मात्रेहून कितीतरी जड अशा २२५ मिलिग्रॅमच्या गोळ्यांनी पश्चिम आफ्रिकेतली तरुण पोरे व्यसनात बुडाली. भारताने २०१८ मध्ये ट्रॅमाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणले. मग टॅपेंटाडॉल हे तसेच वेदनाशामक आणि कॅरिसोप्रोडॉल हे स्नायू सैल करणारे औषध यांची एकत्र गोळी पुढे आली, जिला कुठेही वैद्यकीय मान्यता नव्हती. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईतल्या एका कंपनीचे प्रकरण बीबीसीने उघड केल्यावर छापा पडला आणि या मिश्रणाच्या सगळ्या निर्यात-परवानग्या रद्द झाल्या. एकेक रसायन बंद करत गेले की पुढचे तयारच असते. म्हणून घेणाऱ्या देशाच्या नियामकाने ‘हे औषध आमच्याकडे नोंदलेले आहे’ असे थेट आपल्या नियामकाला कळवल्याशिवाय ना-हरकत देऊच नये. आयातदाराने आणलेले पत्र पुरेसे धरू नये.

सिरपच्या बाबतीत काही हालले आहे, हे मान्य करायला हवे. १ जून २०२३ पासून खोकल्याच्या सिरपची प्रत्येक बॅच निर्यातीआधी सरकारी किंवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासावी लागते आणि मुंबईची केंद्रीय औषध चाचणी प्रयोगशाळा त्यांत आहे. १ जुलै २०२३ पासून गाम्बियाने भारतातून येणाऱ्या प्रत्येक मालाची इथेच तपासणी सक्तीची केली आणि ते काम मुंबईतल्या एका खासगी प्रयोगशाळेकडे दिले. औषध कारखान्यांतल्या उत्पादन-पद्धतीचे नियम, म्हणजे सुधारित शेड्यूल एम, लागू झाले, अडीचशे कोटींपर्यंत उलाढालीच्या कारखान्यांना ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत मुदत मिळाली. पण सिरपला लावलेला नियम मुलांच्या ताप-उलटीच्या सगळ्या द्रव औषधांना, इंजेक्शनांना आणि ओलाव्याला नाजूक गोळ्यांना का नको, याचे उत्तर मिळालेले नाही. निर्यातीच्या ज्या बॅच नापास झाल्या त्यांची यादी, आपल्या बाजारातल्या नापास औषधांची दरमहा निघते तशी, इंग्रजी, फ्रेंच आणि पोर्तुगीजमध्ये निघावी. मापुटोच्या बंदरावरच्या अधिकाऱ्याला ती त्याच दिवशी वाचता यायला हवी.

आणि तो राखीव नमुन्याचा पेच. निर्यातीच्या प्रत्येक द्रव औषधाच्या बॅचमधून, माल कंटेनरमध्ये चढताना, निरीक्षकाने तीस बाटल्या काढून त्यांच्यावर क्रमांकाचे सील लावावे. दहा कारखान्यात, दहा राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे, आणि दहा त्याच जहाजातून, वेगळ्या खोक्यात, घेणाऱ्या देशाच्या नियामकाच्या नावे. सीलचे क्रमांक जहाजाच्या कागदपत्रांत लिहिलेले. उद्या कुठल्याही गावात मूल आजारी पडले तर तिथला अधिकारी आपल्या कपाटातली बाटली काढून फोडील. तो प्रयोगशाळेत नेईल तोच माल आपल्याकडेही असेल, आणि कोणाची बाटली खरी यावर वाद घालण्यात आठवडे जाणार नाहीत. अन्न व औषध प्रशासनाने हे महाराष्ट्रापुरते, तारापूर आणि वाळूजच्या सिरप बनवणाऱ्या कारखान्यांपासून सुरू करावे, अशी आमची विनंती आहे.

आपले,
औषध गुणवत्ता-तपासणी व पुरवठ्याच्या कामातील काही वाचक, ठाणे-पालघर